केनवड कोणत्या देशात होतं?

रिसोड तालुक्यातलं केनवड हे मालेगावहून मेहकरला जाणाऱ्या वाटेवरचं गाव. काळी जमीन, खरिपाला सोयाबीन आणि तूर, पाणी असेल तिथे रब्बीला हरभरा-गहू. पश्चिमेला मेहकरकडे बुलडाणा जिल्हा लागतो. दक्षिणेला रिसोड ओलांडून सेनगावची वाट धरली की वाशिम जिल्हा संपतो, हिंगोली सुरू होतो आणि माणूस वऱ्हाडातून मराठवाड्यात येतो. आज ही हद्द रस्त्याकडेच्या फलकापुरती उरली आहे. १९४८ पर्यंत तसं नव्हतं. हद्दीच्या अलीकडे इंग्रजांचा कलदार रुपया चालायचा, पलीकडे निजामाचा हाली. अलीकडे कचेरीत मराठी अर्ज चालायचा, पलीकडे वरच्या कचेरीचा कारभार उर्दूत व्हायचा. माल घेऊन पलीकडे जायचं तर करोडगिरी नाक्यावर जकात भरावी लागे. अलीकडे इंग्रजी अंमल, पलीकडे निजामशाही, असं सगळे धरून चालत. कायद्याचा कागद मात्र वेगळंच सांगत होता: हद्दीच्या अलीकडचं वऱ्हाडही निजामाचंच होतं.

राष्ट्राची ओळख, युद्ध आणि पश्चिमेचा ऱ्हास या विषयांवर सध्या जगभर पुष्कळ बोललं जातं. पश्चिम संपत चालली, तिची कुटुंबं मोडली, तिचा आत्मविश्वास गेला, असं सांगणारी पुस्तकं ओस्वाल्ड श्पेंग्लरच्या १९१८ सालच्या ग्रंथापासून येतच आहेत. लंडन, बर्लिन किंवा वॉशिंग्टनमध्ये बसून लिहिलेल्या या इतिहासात केनवडसारखं गाव कुठेही नसतं. पण गेल्या तीनशे वर्षांत जी साम्राज्यं चढली आणि पडली, त्यांतल्या बहुतेकांचा हिशेब या पट्ट्यातल्या शेतसाऱ्यातून आणि कापसातून गेला आहे. गाव एकाच जागी राहिलं. त्याचा देश मात्र बदलत गेला, आणि तोही बहुतेक वेळा गावाला न विचारता.

सुरुवात मेहकरच्या पश्चिमेला असलेल्या साखरखेर्ड्यापासून करावी लागते. अकबराच्या काळात वाशिम आणि मेहकर हे वऱ्हाड सुभ्यातले दोन सरकार होते. औरंगजेबानंतर दिल्लीचं तख्त खिळखिळं झालं आणि दख्खनचा सुभा कोणाच्या हाती राहणार याचा निकाल वऱ्हाडच्या मातीवर लागला. १७२० मध्ये बाळापूरजवळ निजामुल्मुल्काने आलम अली खानाचा पाडाव केला. मग ११ ऑक्टोबर १७२४ रोजी साखरखेर्ड्याला त्याची गाठ मुबारिझ खानाशी पडली. दिल्लीनेच मुबारिझ खानाला निजामाविरुद्ध उभं केलं होतं. मुबारिझ खान रणात पडला, निजामाने गावाला फतेहखेर्डा नाव दिलं आणि त्या दिवसापासून हैदराबाद हे व्यवहारात स्वतंत्र राज्य झालं. नाव मोगल बादशहाचं, सत्ता निजामाची. पुढे सव्वादोनशे वर्षं टिकलेल्या एका राज्याचा जन्म आजच्या बुलडाणा जिल्ह्यातल्या या गावाशेजारी झाला, हे हैदराबादच्या इतिहासात ठळकपणे लिहिलेलं असतं. वऱ्हाडात ते फारसं आठवलं जात नाही.

निजामाचं राज्य झालं तरी वऱ्हाड एकट्या निजामाचं झालं नाही. नागपूरच्या भोसल्यांनी चौथाई आणि सरदेशमुखीच्या हक्काने इथे आपले कमाविसदार बसवले. एकाच गावातून दोन सरकारं वसूल घेत, म्हणून या व्यवस्थेला दोअमली म्हणत. पाटलाला दोन्हीकडे उत्तर द्यावं लागे, आणि दोघांपैकी कोणी चिडलं की घोडदळ शेतात उतरे. १८०३ मध्ये दुसऱ्या इंग्रज-मराठा युद्धाने हा प्रकार संपवला. असईची लढाई २३ सप्टेंबरला झाली. २९ नोव्हेंबरला तेल्हाऱ्याजवळच्या अडगावला आर्थर वेलस्लीने भोसल्यांच्या फौजेचा पराभव केला, १५ डिसेंबरला गाविलगड पडला आणि दोनच दिवसांनी देवगावच्या तहात रघूजी भोसल्यांनी वर्धा नदीच्या पश्चिमेकडचा मुलूख सोडला. तो इंग्रजांनी निजामाला दिला. बारा वर्षांनी हाच वेलस्ली वॉटर्लूला नेपोलियनसमोर उभा राहिला. युरोपच्या इतिहासात त्याचं नाव वॉटर्लूमुळे राहिलं, पण वऱ्हाडाचं दान त्याच्या अडगावच्या विजयाने ठरलं होतं.

एकट्या निजामाच्या हाती आल्यावर सुख लागलं, असंही नाही. त्यानंतरची पंधरा वर्षं पेंढाऱ्यांची. वसुलीचे मक्ते सावकारी पेढ्यांकडे गेले. दक्षिणेकडच्या डोंगराळ भागात हटकरांनी नौसाजी नाईकाच्या नेतृत्वाखाली बंड केलं. १८१९ च्या जानेवारीत नोव्हाच्या गढीला मेजर पिटमनने वेढा घातला आणि ते बंड मोडलं. पिटमनची ती फौज निजामाच्या नावाची होती, पण तिचे अधिकारी इंग्रज होते. तिच्यापाशी थोडं थांबायला हवं, कारण वऱ्हाडाचा देश तिच्यापायीच बदलला.

या फौजेला पुढे हैदराबाद कंटिंजंट म्हणू लागले. तिची एक मोठी छावणी हिंगोलीला होती. हुकूम इंग्रज रेसिडेंटचा आणि खर्च निजामाचा. वर्षाला सुमारे चाळीस लाख रुपयांचा हा भार निजामाच्या तिजोरीला पेलेना, पगार तटले, आणि ते चुकते करण्यासाठी कंपनीने दिलेली रक्कम निजामाच्या नावे कर्ज म्हणून चढत गेली. न मागितलेल्या फौजेच्या पगाराचं हे कर्ज होतं. मे १८५३ मध्ये डलहौसीच्या वतीने कर्नल लो हैदराबादला तह घेऊन आला. इंग्रजांना मुलूख कायमचा हवा होता. नासिरुद्दौला निजामाने कायमचा द्यायला ठाम नकार दिला आणि शेवटी खर्च भागवण्यासाठी तारण म्हणून तो लावून दिला. त्यात वऱ्हाड होतं, धाराशिव होतं, रायचूरचा दोआब होता. १८५७ नंतर निष्ठेचं बक्षीस म्हणून १८६० मध्ये धाराशिव आणि रायचूर परत गेले, पन्नास लाखांचं कर्जही माफ झालं. वऱ्हाड मात्र परत गेलं नाही. इंग्रजी दप्तरात त्याचं नाव पडलं: हैदराबादचे लावून दिलेले जिल्हे.

या तारणाचा पैसा कुठे गेला? १८५८ मध्ये सर ह्यू रोज झाशीवर चालून गेला तेव्हा त्याच्या सैन्यात हैदराबाद कंटिंजंटच्या पलटणी होत्या. झाशी, काल्पी, ग्वाल्हेर या मोहिमेत त्या लढल्या. म्हणजे वाशिम-रिसोडच्या शेतकऱ्याने भरलेल्या साऱ्यावर पोसलेली फौज राणी लक्ष्मीबाईंविरुद्ध उभी होती. त्या शेतकऱ्याला याची खबर असण्याचं काही कारण नव्हतं. देशभक्ती किंवा देशद्रोह हे शब्द वापरण्याआधी माणसाला आपला पैसा कोणत्या युद्धात खर्च होतो ते कळायला तरी हवं.

त्या फौजेची पुढची वाटचालही लक्षात ठेवण्याजोगी आहे. १९०३ मध्ये ती भारतीय सैन्यात मिसळली आणि तिच्या एका पलटणीला ९६वी बेरार इन्फन्ट्री हे नाव मिळालं. १९२२ मध्ये सगळ्यांची मिळून हैदराबाद रेजिमेंट झाली. शिपायांची भरती मात्र मुख्यतः उत्तरेकडून, जाट, अहीर आणि कुमाऊँनींमधून होत होती. म्हणून १९४५ मध्ये रेजिमेंटचं नावच कुमाऊँ रेजिमेंट झालं. ३ नोव्हेंबर १९४७ रोजी श्रीनगरजवळ बडगामला लढताना पडलेले आणि स्वतंत्र भारताचं पहिलं परमवीर चक्र मिळालेले मेजर सोमनाथ शर्मा याच रेजिमेंटच्या चौथ्या पलटणीचे. परक्या राजवटीने तारणाच्या पैशावर उभी केलेली फौज शंभर वर्षांत देशाच्या संरक्षणाची फौज झाली. हा बदल घोषणेने झाला नाही. हुकूम कोणाचा आणि कोणासाठी, याचं उत्तर बदललं म्हणून तो झाला.

वऱ्हाड परत न देण्याचं खरं कारण काळ्या मातीत होतं. लँकेशायरच्या गिरण्यांना अमेरिकेबाहेरचा कापूस हवा होता, आणि वऱ्हाडासारखी सलग कापसाची जमीन हिंदुस्थानात फार थोडी होती. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी सुरू झाली, उत्तरेच्या आरमाराने दक्षिणेची बंदरं कोंडली आणि लिव्हरपूलला येणारा कापूस आटला. लँकेशायरमध्ये गिरण्या बंद पडून लाखो मजूर उपाशी राहिले; मुंबईत मात्र पैशाचा पूर आला. वऱ्हाडात ज्वारीची जमीन कपाशीखाली गेली. लिव्हरपूलच्या बाजारात या कापसाला अमरावतीवरून ‘उमरा’ म्हणत. चार वर्षांनी युद्ध थांबलं, भाव कोसळला, मुंबईतल्या बँका आणि कंपन्या बुडाल्या. कर्ज काढून कपाशी पेरणारा शेतकरी मात्र त्या पिकातून मागे फिरू शकला नाही, कारण सावकाराचं देणं आणि सरकारचा सारा दोन्ही रोकड्यात होते, आणि रोकडा कपाशीच देत होती.

व्यवस्था त्या वेळी भराभर उभी राहिली. १८६१ पासून मुंबई इलाख्याच्या धर्तीवर जमिनीची मोजणी आणि रयतवारी आली. १८६७ मध्ये रेल्वे नागपूरला पोचली. खामगावला कापसाचा मोठा बाजार भरला, मुख्य मार्गापासून तिथवर खास फाटा टाकला गेला आणि १८७० मध्ये खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो त्यासाठी आला. रॅली ब्रदर्स, फोल्कार्ट ब्रदर्स यांच्या पेढ्या खामगावात आल्या. सरकारने कापसासाठी स्वतंत्र कमिशनर नेमला, रिव्हेट-कार्नॅक त्याचं नाव. ज्वारीसाठी कमिशनर नेमावा असं कोणाला वाटलं नाही. कारंजा हा आज वाशिम जिल्ह्यातला तालुका. तिथला कापूस मूर्तिजापूरला नेण्यासाठी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला किलिक निक्सन या इंग्रज कंपनीने अरुंद रुळांची गाडी सुरू केली. तीच लोकांची शकुंतला.

वाशिम तेव्हाही जिल्हा होता. इंग्रजी दप्तरातलं त्याचं नाव बासिम, स्थापना १८७५. वाशिम, मंगरूळ आणि पुसद हे त्याचे तीन तालुके. रिसोड आणि त्याभोवतीची गावं वाशिम तालुक्यात होती. १८९६-९७ चा दुष्काळ आणि त्यामागोमाग १८९९-१९०० चा, ज्याला जुनी माणसं छप्पनचा दुष्काळ म्हणत, या दोन्हींनी या जिल्ह्याचं कंबरडं मोडलं. १८९१ च्या जनगणनेत चार लाखांच्या आसपास असलेली लोकसंख्या १९०१ मध्ये साडेतीन लाखांवर आली. लक्ष्मण सत्या या इतिहासकाराने कापूस आणि वऱ्हाडचा दुष्काळ यांचा संबंध सविस्तर उलगडला आहे. घरच्या कणग्या भरणारी ज्वारी मागे हटली, धान्य विकत घेण्याची वेळ आली आणि भाव चढले तेव्हा खिशात पैसा नव्हता. रेल्वे होती, बाजार होता, तार होती. ज्या सभ्यतेने ही साधनं आणली तिचा तो भरभराटीचा काळ होता. तिच्या ऱ्हासाची चर्चा आज जे करतात, त्यांनी तिच्या चढतीच्या काळात वाशिमच्या जनगणनेत काय लिहिलं गेलं तेही वाचावं. १९०५ मध्ये हा जिल्हा मोडून अकोला आणि यवतमाळमध्ये वाटला गेला.

तारणाचा प्रश्न मात्र मिटला नव्हता. हैदराबादचा दिवाण पहिला सालारजंग याने वऱ्हाड परत मिळवण्यासाठी आयुष्यभर खटपट केली, १८७६ मध्ये तो इंग्लंडलाही जाऊन आला. हाती काही लागलं नाही. १९०२ मध्ये लॉर्ड कर्झनने महबूब अली खान निजामाकडून वऱ्हाड कायमच्या पट्ट्याने घेतलं, वर्षाला पंचवीस लाख रुपये खंड ठरवून. १९०३ मध्ये ते मध्य प्रांताला जोडलं गेलं. पट्टा घेतला म्हणजे मालकी मान्य केली. म्हणून वऱ्हाड हे कायद्याने कधीच ब्रिटिश हिंदुस्थानात आलं नाही. १९१९ च्या सुधारणांनंतर प्रांतिक कौन्सिलच्या निवडणुका झाल्या तेव्हा त्यातून मोठा पेच निघाला. वऱ्हाडातून निवडून आलेले सभासद ब्रिटिश हिंदुस्थानचे प्रतिनिधी ठरू शकत नव्हते. मग मतदान घ्यायचं आणि निवडून आलेल्यांना सरकारने नेमायचं, अशी तोड निघाली. मतदार आपला माणूस निवडत होता, आणि कागदावर तो सरकारनियुक्त होता.

या वादातून एक दस्तऐवज निघाला, जो हिंदुस्थानातल्या प्रत्येक संस्थानाला लागू झाला. मीर उस्मान अली खान निजामाने वऱ्हाड परत मागितलं आणि आपण इंग्रज सरकारशी बरोबरीच्या नात्याने बोलू शकतो, असा दावा केला. २७ मार्च १९२६ च्या पत्रात व्हाइसरॉय लॉर्ड रीडिंगने तो साफ फेटाळला: हिंदुस्थानात ब्रिटिश राजसत्ता सर्वोच्च आहे, तिच्याशी बरोबरी कोणाची नाही. सार्वभौमत्वाच्या अभ्यासात हे पत्र आजही शिकवलं जातं. ज्या मुलखावरून ते लिहिलं गेलं, त्या मुलखातल्या रयतेला काय हवं, हा प्रश्न दोन्ही बाजूंच्या पत्रव्यवहारात मुद्दा म्हणून कुठेही उभा राहत नाही.

दहा वर्षांनी इंग्रजांनीच सूर बदलला. १९३५ च्या कायद्याने संघराज्य उभं करायचं तर निजाम सोबत हवा होता. १९३६ च्या करारात वऱ्हाडावरचं त्याचं सार्वभौमत्व पुन्हा मान्य झालं, निजामाच्या किताबात हैदराबादबरोबर बेरार आलं आणि थोरला मुलगा आझम जाह प्रिन्स ऑफ बेरार झाला. त्याची बेगम दुर्रूशेहवार ही शेवटचा उस्मानी खलिफा दुसरा अब्दुलमजीद याची मुलगी. १९२४ मध्ये तुर्कस्तानने खिलाफत रद्द केली, खलिफाचं कुटुंब देशोधडीला लागलं आणि १९३१ मध्ये फ्रान्समधल्या नीस शहरात हे लग्न झालं. पहिल्या महायुद्धात बुडालेल्या एका साम्राज्याची राजकन्या अशा रीतीने बेरारची राजकन्या झाली. केनवड, रिसोड, मेहकर यांच्या नावाने तिने किताब धारण केला, आणि इथल्या कोणालाही तो मान्य आहे का, हे तिच्या सासऱ्याने किंवा इंग्रजांनी विचारलं नाही.

पण १९३६ पर्यंत वऱ्हाडाची रयत गप्प बसलेली नव्हती. १८९७ मध्ये काँग्रेसचं अधिवेशन अमरावतीला भरलं होतं; दादासाहेब खापर्डे टिळकांच्या बाजूने उभे होते. पण गावागावांत राजकारण पोचलं ते १९३० मध्ये. समुद्र वऱ्हाडापासून शेकडो मैल दूर. तरी अकोल्याजवळच्या दहिहंड्याला खारपाणपट्ट्यातल्या विहिरीच्या खाऱ्या पाण्यापासून मीठ काढून लोकांनी कायदा मोडला. पावसाळा आला तसा मिठापेक्षा इथल्या माणसाला जास्त जवळचा कायदा सापडला. जंगल खात्याने गायरान आणि गवत बंद केलं होतं. १० जुलै १९३० रोजी लोकनायक बापूजी अणे यांनी पुसदजवळ राखीव जंगलातलं गवत कापून सत्याग्रह केला आणि तो वऱ्हाडभर पसरला. पुसद हा जुन्या बासिम जिल्ह्याचाच तालुका. ज्या डोंगराळ मुलखात शंभर वर्षांपूर्वी हटकरांचं बंड मोडलं गेलं, तिथल्या माणसांनी आता विळा हातात घेऊन तुरुंगाची वाट धरली. निजामाची मालकी आणि इंग्रजांचा पट्टा या दोन्ही दाव्यांना वऱ्हाडाने दिलेलं हे पहिलं मोठं उत्तर. बैलाला चारा कुठून आणायचा, या प्रश्नातून इथली राष्ट्रभावना घट्ट झाली. कोणी वरून दिलेल्या व्याख्येपेक्षा ती म्हणूनच जास्त टिकली.

याच सुमारास कापसाचा नकाशाही फिरला होता. आखूड धाग्याचा वऱ्हाडी कापूस लँकेशायरला फारसा चालत नव्हता. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटापासून त्याची मोठी गिऱ्हाइकं जर्मनी, बेल्जियम, ऑस्ट्रिया आणि जपान ही होती. ऑगस्ट १९१४ मध्ये युद्ध पेटताच युरोपातली गिऱ्हाइकं एका फटक्यात शत्रूच्या रांगेत किंवा शत्रूच्या ताब्यात गेली. पुढे जपान मोठा होत गेला. १९३३ मध्ये हिंदुस्थान सरकारने जपानी कापडावरची जकात ७५ टक्क्यांवर नेली, तेव्हा जपानने इथल्या कापसावर बहिष्कार घातला. जानेवारी १९३४ मध्ये तडजोड झाली: जपानने ठरावीक गाठी कापूस घ्यायचा, त्या बदल्यात ठरावीक वार कापड इथे विकायचं. १९४१ मध्ये तोही दरवाजा बंद झाला आणि आखूड धाग्याच्या कापसाला गिऱ्हाईक उरलं नाही. लँकेशायरची घसरण तर डोळ्यांसमोर होती. सप्टेंबर १९३१ मध्ये गांधीजी डार्वेनला गेले, तेव्हा बेकार गिरणी कामगारांनी त्यांचं प्रेमाने स्वागत केलं. १९१३ मध्ये जगाला सुमारे सात अब्ज वार कापड विकणारा ब्रिटन १९५८ मध्ये कापडाचा निव्वळ आयातदार झाला. पश्चिमेच्या ऱ्हासाची इतकी मोजता येण्याजोगी गोष्ट दुसरी क्वचित सापडेल. त्याने वऱ्हाडचा शेतकरी श्रीमंत झाला नाही. गिऱ्हाईक बदललं, भाव ठरवणारा मात्र दूरच राहिला.

१९४७ च्या उन्हाळ्यात जुना पट्टा पुन्हा वर आला. इंग्रज जाणार म्हणजे करार संपणार, आणि करार संपला तर वऱ्हाड निजामाकडे, हा निजामाचा दावा होता. वऱ्हाडात त्याची धास्ती खरी होती. ८ ऑगस्ट १९४७ रोजी अकोल्यात पश्चिम महाराष्ट्र आणि वऱ्हाडच्या पुढाऱ्यांनी जो अकोला करार केला, त्याच्या मागे भाषिक राज्याचा विचार होता तसा हा धोकाही होता. १५ ऑगस्टला केनवडला स्वातंत्र्य मिळालं. सेनगाव आणि हिंगोलीला मिळालं नाही.

पुढचे तेरा महिने ही हद्द धगधगत होती. निजामाच्या बाजूच्या रझाकार या सशस्त्र संघटनेच्या अत्याचारांना भिऊन पलीकडची कुटुंबं वऱ्हाडात आश्रयाला येत होती. हैदराबाद स्टेट काँग्रेसने हद्दीलगत शिबिरं उभारली. वऱ्हाडातलं उमरखेडचं शिबिर त्यातलं महत्त्वाचं, आणि १९४८ च्या जानेवारीत उमरी बँकेवर पडलेला गाजलेला छापा याच पट्ट्यातल्या लढ्याचा भाग. सोयरीक, वारी आणि बैलबाजार यांनी ही हद्द कधी पाळली नव्हती, त्यामुळे पलीकडून आलेला माणूस निर्वासित कमी आणि पाहुणा जास्त होता. १३ सप्टेंबर १९४८ रोजी भारतीय सैन्य हैदराबादेत शिरलं, १७ तारखेला निजामाने शरणागती जाहीर केली.

या मुक्तीचं एक पान मराठीत दबक्या आवाजात वाचलं जातं. पोलीस ॲक्शन म्हटल्या गेलेल्या या लष्करी कारवाईनंतर मराठवाड्याच्या अनेक गावांत मुसलमानांवर सूड उगवला गेला. नेहरूंनी पाठवलेल्या पंडित सुंदरलाल समितीने मेलेल्यांचा अंदाज सत्तावीस ते चाळीस हजार असा दिला. उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर आणि नांदेड हे जिल्हे सर्वांत जास्त पोळले. हा अहवाल कित्येक दशकं बंद राहिला. रझाकारांनी केलेला जुलूम सांगायचा आणि हे सांगायचं नाही, असा इतिहास अपुरा आहे. दहिहंडा आणि पुसदच्या सत्याग्रहींनी ज्या देशाची कल्पना केली होती, त्यात शेजाऱ्याचा धर्म पाहून त्याला मारणं बसत नव्हतं.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी वऱ्हाड मध्य प्रदेशातून आणि मराठवाडा हैदराबाद राज्यातून निघून द्विभाषिक मुंबई राज्यात आले. १८५३ नंतर प्रथमच रिसोड आणि सेनगाव एका सरकारखाली आली. त्याच्या आदल्या वर्षी राज्य पुनर्रचनेच्या फाजल अली आयोगाने वेगळ्या विदर्भाची शिफारस केली होती. ती मान्य झाली नाही, आणि तो प्रश्न अजूनही निवडणुकांत डोकावतो. १९१२ मध्ये हिंगोलीला येऊन थांबलेली निजामाची रेल्वे वाशिमपर्यंत पोचायला स्वातंत्र्य यावं लागलं. १ जुलै १९९८ ला वाशिम पुन्हा जिल्हा झाला, पुढच्या वर्षी हिंगोली. शेगावहून पंढरपूरला निघणारी गजानन महाराजांची पालखी रिसोडला मुक्काम करून पान कनेरगाव, सेनगावच्या वाटेने मराठवाड्यात उतरते, तेव्हा दोन्हीकडच्या गावांत तिच्यासाठी सारख्याच पंगती बसतात. या पट्ट्याची ओळख कुठे शोधायची, असं कोणी विचारलं तर तिच्याकडे बोट दाखवणं किताबांपेक्षा आणि तहांपेक्षा अधिक प्रामाणिक ठरेल.

कपाशी आता केनवडच्या बाजूला मागे पडली, सोयाबीन पुढे आलं. २०२१ च्या पावसाळ्यात विदर्भाच्या बाजारात सोयाबीन क्विंटलला दहा हजारांवर गेलं. त्याच ऑगस्टमध्ये केंद्राने बारा लाख टन सोयापेंड आयातीला परवानगी दिली आणि नवं पीक येईपर्यंत भाव खाली आला. फेब्रुवारी २०२२ मध्ये युक्रेनवर युद्ध आलं, तिकडचं सूर्यफुलाचं तेल अडलं आणि खाद्यतेलाचे भाव पुन्हा चढले. २०२५ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेने भारतीय मालावर ५० टक्के आयातशुल्क लावलं. इथल्या कापड उद्योगाला दिलासा म्हणून केंद्र सरकारने परदेशी कापसावरचं ११ टक्के शुल्क आधी ३० सप्टेंबरपर्यंत आणि मग ३१ डिसेंबरपर्यंत माफ केलं. विदर्भातला कापूस वेचून बाजारात येतो तो याच महिन्यांत.